पाव गोळी, सकाळ-संध्याकाळ

बुधवार, ५

वही ठेवायची, हे जनावरांच्या डॉक्टरणीचं फर्मान. झटका कधी आला, किती वाजता, किती मिनिटं टिकला, आधी काय खाल्लं होतं, नंतर काय केलं, सगळं लिहायचं. मी म्हटलं, बाई, माझी शाळा चौथीत सुटली, सामानाची यादी लिहायची तरी मला घाम फुटतो. ती म्हणाली, मावशी, घाम पुसा आणि लिहा. माझ्या पोरीच्या वयाची असेल, पण तोंडाला लगाम नाही. आवडली मला.

तर लिहिते. काल मंगळवारी सकाळी साडेसहाच्या सुमाराला मी कामावर निघाले, तर मुकादम दारात आडवा. मुकादम म्हणजे आमचं कुत्रं. अकरा वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्यानं कोटाच्या खिशातून आणलं होतं, एवढंसं. पुढे पोट सुटलं, पाय बुटकेच राहिले, आणि घरभर असं फिरायला लागलं, जसं काही आम्ही सगळे याच्या हाताखाली कामाला आहोत. म्हणून मुकादम. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. आता घरात मी, माझे सासरे आणि हा.

मला उशीर झाला होता. ऊठ म्हटलं, उठला नाही. मी पायानं सरकवला. लिहायला लाज वाटते, पण सगळं लिही म्हणाली ना. सरकवला तर अंग लाकडासारखं ताठ. मग पाय झाडायला लागला, दात कडकड वाजायला लागले, तोंडातून फेस, जागेवरच मुतला. मी चमच्याचा दांडा दातांत घालायला गेले तर माझंच बोट सापडलं. म्हाताऱ्यानं तांब्याभर पाणी त्याच्या तोंडावर ओतलं. दोघंही ओरडत होतो. थांबल्यावर उठला आणि सरळ जाऊन भिंतीवर आपटला. म्हातारा जवळ गेला तर त्याच्यावर गुरगुरला. ज्याच्या पायाशी अकरा वर्षं झोपला त्याच्यावर. म्हाताऱ्याचं तोंड बघवत नव्हतं.

आज अर्धी सुट्टी टाकून घेऊन गेले. डॉक्टरीण म्हणाली, चमचा घातलात, पाणी ओतलंत, ओरडलात, म्हणजे जे करायचं नाही ते सगळं रीतसर केलंत. आता ऐका. तोंडात काही घालायचं नाही, जीभ गिळत नाही कोणी. धरून ठेवायचं नाही. आजूबाजूचं सामान बाजूला करायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवायचं, पडदे ओढायचे, गप्प बसून घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर उचलून आणायचं. किती वेळ चाललं होतं, विचारलं. मी म्हटलं जन्मभर. हसली नाही.

मेंदूत काय आहे ते मोठ्या मशीनशिवाय कळणार नाही म्हणाली, गाठही असेल, वयाचंही असेल. गोळ्या दिल्यात. तीस गोळ्यांची बाटली. एका गोळीचे चार तुकडे करायचे, एक तुकडा सकाळी आठला, एक रात्री आठला. म्हणजे पाव गोळी. दोन महिने पुरतील. मधे एक दिवसही चुकवायची नाही, औषध एकदम तुटलं तर झटके उलटून येतात. पहिले दिवस सुस्त राहील, घाबरायचं नाही. पंधरा दिवसांनी रक्त तपासायला आणायचं.

सकाळी आठला मी लाँड्रीत, रात्री आठला चुलीपुढे. तेव्हा हे काम म्हाताऱ्याचं. त्याला डोळ्यांनी कमी दिसतं, म्हणून चादरींवर नंबर टाकायच्या जाड पेनानं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि कपाटाला चिकटवलं. "पाव गोळी सकाळी ८. पाव गोळी रात्री ८." त्यानं भिंग लावून दोनदा वाचलं. मग कुत्र्याला म्हणाला, "मुकादम, सूनबाईंना म्हणावं, कसं द्यायचं ते एकदा नीट सांगा."

आमच्याकडे हे असंच. नवरा गेल्यापासून म्हातारा माझ्याशी थेट बोलत नाही. भांडण नाही, काही नाही. कुत्र्याला सांगतो, मी ऐकते. मुकादम, सूनबाईंना सांग चहा गार झाला. मुकादम, सूनबाईंना विचार छत्री कुठे. मी कुत्र्याशी बोलत नाही. मी तोंडावर सांगते.

म्हटलं, "मामंजी, एवढं मोठं लिहिलंय. वाचता येतं ना? लिहिलंय तसं करायचं. दहा वेळा मला विचारायचं नाही."

बाटली त्यानं शर्टाच्या खिशात ठेवली.

शुक्रवार, ७

झटका नाही. कुत्रं पेंगतंय. म्हाताऱ्यानं पाव आणलाय. त्याला कधी आवडत नव्हता, आता म्हातारपणी जिभेला चव आली वाटतं. मी भांडी घासत होते तर मागून, "मुकादम, विचार सूनबाईंना, पाव संपला तर?"

मी म्हटलं संपला तर आणायचा. बेकरी काय दुसऱ्या गावाला आहे?

शनिवार, ८

झटका दुसरा. संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटं. आधी काही खाल्लं नव्हतं. दोन मिनिटं टिकला, घड्याळ बघून. या वेळी मी शहाण्यासारखी वागले. खुर्ची ओढली, डोक्याखाली चादरीची घडी सरकवली, दिवा मालवला. म्हातारा त्याचे पाय धरायला आला. मी हात झटकला त्याचा. तर मागे भिंतीला टेकून बसला आणि हळू आवाजात म्हणत राहिला, "मुकादम, होईल हां, आता होईल." ते चालतं का नाही ते डॉक्टरणीनं सांगितलं नव्हतं. मी बोलू दिलं.

नंतर तासभर घरात फिरत होता, ओळख नसल्यासारखा. मग येऊन म्हाताऱ्याच्या पावलावर हनुवटी ठेवली. मग म्हातारा जेवला.

सोमवार, १०

झटका नाही. दिवसभर झोप. हाक मारली की एक डोळा उघडतो आणि मिटतो. दवाखान्यात फोन केला, कंपाउंडर म्हणाला सुस्ती येतेच, आठवडाभर चालायचं. मी म्हटलं, मीही घेऊ का मग पाव गोळी, आठवडाभर झोपते. तो म्हणाला नको.

बुधवार, १२

आज लाँड्रीत हॉस्पिटलच्या चादरींचा डोंगर. चादर घडी घालायला दोघी लागतात, समोरासमोर. माझ्या समोर लांबी असते. खरं नाव कोणी घेत नाही, ताडमाड आहे म्हणून लांबी. कोपरे धरायचे, ताणायचे, पुढे यायचं, कोपरे हातात द्यायचे, मागे जायचं. लांबीचा पाय लांब, मी दोन पावलं टाकते तोवर ती माझ्या नाकावर. आज मी तिच्यावर खेकसले. ती म्हणाली, तुझ्यासमोर चादर धरायची म्हणजे पोलिसासमोर उभं राहिल्यासारखं वाटतं. सासऱ्याचं काय होत असेल देव जाणे.

मी म्हटलं, सासऱ्याचं उत्तम चाललंय, चोरून पाव खातोय. घरी पुडा दोन दिवस टिकत नाही. परवा अंथरुणाखाली चुरा सापडला. जेवताना म्हणतो भूक नाही. लहान मुलासारखं लपून खायचं, एवढं काय मी हात तोडणार आहे?

लांबी म्हणाली, खाऊ दे की. 

शनिवार, १५

झटका नाही, आठवडा झाला. पण कुत्र्याची चाल बिघडलीय. मागचे पाय दारू प्यायल्यासारखे. पायरी उतरताना तोंडावर पडला. म्हातारा त्याला उचलून अंगणात नेतो आणि मुतेपर्यंत पोटाखाली हात घालून उभा राहतो. ऐंशीचा माणूस. कंबर मोडेल म्हटलं तर ऐकू येत नाही. त्याला ऐकायचं तेवढं ऐकू येतं.

पण मुकादमाची भूक मात्र राक्षसासारखी.

म्हातारा गोळी चुकवत नाही, एवढं खरं. आठ वाजायच्या आधी पाच मिनिटं खिशावर हात ठेवून घड्याळाखाली उभा राहतो.

बुधवार, १९

आज रक्त तपासायचा दिवस. सुपरवायझर म्हणाला, दोन बाया आजारी आहेत, सोमवारी जा. मीही जोर लावला नाही. कुत्रं झोपलेलं आहे, झटका नाही, चार दिवसांनी काय बिघडतं.

गुरुवार, २०

पाठ भरून आली. दिवसभर वाफेच्या प्रेसवर उभी. घरी आले, भात टाकला. म्हातारा दारात येऊन कुत्र्याला म्हणाला, "मुकादम, सांग सूनबाईंना, गोळ्या झाल्या."

मी म्हटलं, झाल्या ना, मग झोपा आता.

तो उभाच राहिला. काय आहे विचारलं. काही नाही म्हणाला आणि गेला.

शनिवार, २२

आज मुकादम उठला. खरंच. सकाळी मी केस विंचरत होते तर पाठीमागे टकटक टकटक, नखांचा आवाज. माझ्या खोलीत आला, पलंगाखाली बघितलं, कोपऱ्यात बघितलं, बाहेर गेला. तपासणी. पंधरा दिवसांनी. दूधवाल्यावर भुंकला. पायरी एकट्यानं उतरला.

म्हातारा हसत होता. त्याला पुढचे दोन दात नाहीत ते मला आज कळलं, एवढं हसलेलं मी बघितलंच नव्हतं. म्हणाला, "मुकादम, सूनबाईंना सांग, औषध लागू पडलं."

मी म्हटलं, पडायलाच हवं, डॉक्टरीण हुशार आहे. आणि जाता जाता मी कुत्र्याच्या डोक्यावर हात फिरवला. मी कधी फिरवत नाही.

सोमवार, २४

कालचं लिहायचं आहे. आज सुट्टी घेतली.

रविवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी झटका आला. अंगणात नाही, घरातच, कपाटापाशी. मी सगळं बरोबर केलं. स्टूल बाजूला, डोक्याखाली चादर, पडदे ओढले. म्हाताऱ्यानंही हात लावला नाही. दोघं दोन बाजूंना बसलो. मी घड्याळाकडे तोंड करून. एक मिनिट. दोन. गेल्या वेळी दोनला थांबला होता. तीन झाली. म्हातारा म्हणाला, "मुकादम, सूनबाईंना विचार, किती झाली?"

मी म्हटलं चार.

तो म्हणाला, "मुकादम, विचार, थांबेल ना?"

 काटा बघत होते. पाचला मी चादरीसकट उचलला आणि ओरडत बाहेर गेले. शेजारच्या टेम्पोवाल्यानं विचारलंसुद्धा नाही, किल्ली घेऊन अनवाणी आला. म्हातारा मागे चढला, कसा चढला कोणास ठाऊक. वाटेत झटका थांबला. हुश्श म्हणेपर्यंत दुसरा आला. अंग तव्यासारखं तापलं होतं. म्हाताऱ्यानं आपला रुमाल पाण्यात भिजवून त्याच्या पोटावर ठेवला होता, तेवढं बरोबर केलं त्यानं, डॉक्टरीण म्हणाली.

रविवार असून तिनं दवाखाना उघडला. सुई लावली. थांबलं. परत सुरू झालं. परत सुई. पावणेबाराला ती म्हणाली, मावशी, गेला.

म्हातारा बाकावर बसला होता. त्याला मी सांगितलं. त्यानं खिशातली बाटली काढून मला दिली. म्हणाला, "ही दे त्यांना. रिकामी आहे, लागत असेल परत."

आत नेली. डॉक्टरणीनं दार लोटलं. रिकामी कशी, विचारलं. अठरा दिवस झाले मावशी, नऊ गोळ्या संपायला हव्यात. एकवीस उरायला हव्यात. कोण देत होतं? मी म्हटलं सासरे, घड्याळ लावून.  मग म्हणाली, अख्खी देत होते. म्हणून एवढी झोप, म्हणून पाय लुळे. आणि संपल्यावर एकदम तुटली. तीन दिवस औषध नाही.

मी म्हटलं, होणारच नाही, मी लिहून दिलं होतं. सांडल्या असतील कुठे. ती म्हणाली, गाठ असेल तर आज ना उद्या हे व्हायचंच होतं, मावशी. पण गाठ होती असं मी सांगू शकत नाही.

टेम्पोत मी म्हाताऱ्याकडे बघितलं नाही. मांडीवर चादर होती म्हणून गप्प बसले. मनात तोंडाचा पट्टा सुरूच होता. एकवीस गोळ्या. एवढा मोठा पुठ्ठा चिकटवला. भिंग दिलं. एक काम सांगितलं होतं. टेम्पोवाल्यानं परसात खड्डा खणला, आम्ही ठेवला, माती ओढली. घरात आलो. आता बोलायचं म्हणून मी वळले.

म्हाताऱ्यानं डबा उघडला होता. आत पावाचा एक तुकडा. त्यानं तो बाहेर काढला, बघितला, परत ठेवला. आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागला.

"हा त्याचा उरला. सकाळी एक पाव, रात्री एक. मधोमध गोळी दाबायचो. लबाड, पाव खायचा आणि गोळी बाहेर काढायचा. कधी कधी अंथरुणात लपवायचा. मग परत दुसऱ्या पावात. पण एकदाही चुकवली नाही. तुझ्या चिठ्ठीत होतं तसंच, पाव, गोळी. सकाळी पाव, गोळी. रात्री पाव, गोळी."

मी कपाटाकडे बघितलं.

पाव गोळी सकाळी ८.

माझंच अक्षर. जाड पेन.

मग म्हणाला, "सांग ना, माझ्याकडून काही राहिलं का?" कोणाला विचारतोय म्हणून मी खाली बघितलं. खाली कोणी नव्हतं.

मी म्हटलं, "नाही मामंजी. डोक्यात गाठ होती. डॉक्टरीण म्हणाली."

मी खोटं बोलत नाही. लोकांना ते आवडत नाही, पण बोलत नाही. काल बोलले. अडखळलेसुद्धा नाही.

मंगळवार, २५

तो बाहेर परसात गेला तेव्हा पुठ्ठा काढला. कामावर नेऊन फाडून कचऱ्यात टाकला. कपाटावर चौकोनी डाग राहिलाय.

म्हातारा चुकला नाही. हे मला लिहूनच ठेवायचंय, कारण बोलता कुठे येणार नाही. चार तुकडे असं लिहिलं असतं तर चुकलं नसतं. तुकड्यांचं मला माहीत होतं, मला सांगितलं होतं, म्हणून मला पाव म्हणजे पाव वाटलं. त्यानं कसं द्यायचं विचारलं होतं. मी म्हटलं दहा वेळा विचारू नका. त्यानं एकदाच विचारलं होतं. पाव संपला तर विचारलं. गोळ्या झाल्या सांगायला दारात आला, मी झोपा म्हटलं. तेव्हा उभा राहिला होता. काहीतरी विचारणार होता.

मला उशीर झाला होता, माझी पाठ दुखत होती, भात लागत होता. मला नेहमी काहीतरी असतंच.

आणि मी म्हणत होते चोरून पाव खातो.

गुरुवार, २७

घरात आवाज नाही. सकाळी म्हातारा चहाचा कप घेऊन बसला, तोंड उघडलं, मिटलं. चहा गार झालाय का मी विचारलं. मान हलवली. गरम करून दिला.

लांबीला सांगितलं. सगळं सांगितलं. ती चादरीचे कोपरे धरून उभी राहिली आणि म्हणाली, मग सांगणार आहेस त्याला? मी म्हटलं, ऐंशीच्या माणसाला सांगू की तुझ्या हातानं गेला? माझ्या अक्षरानं, तुझ्या हातानं? तो आपल्या हातांकडेच बघत बसेल. ती म्हणाली, आणि तू? मी म्हटलं चादर धर.

रात्री जेवताना म्हातारा ताटाकडे बघून म्हणाला, "मला डॉक्टरीणबाईंकडे जायचंय. एक विचारायचंय."

मी घास ताटात ठेवला. म्हटलं, काय विचारायचंय? मला सांगा, मी विचारते.

म्हणाला, "नको. माझं मी."

शुक्रवार, २८

जेवणाच्या सुट्टीत धावत दवाखान्यात गेले. घामाघूम. डॉक्टरणीला सगळं सांगितलं, पाव, पुठ्ठा, सगळं. ती खुर्चीत बसली. म्हणाली, मावशी, चूक माझीपण आहे, मी लिहून द्यायला हवं होतं. मी म्हटलं, वाटण्या नंतर करू. उद्या तो येणार आहे. त्याला सांगू नका.

ती म्हणाली, मी खोटं नाही बोलणार.

मी हात जोडले. मी कोणापुढे जोडत नाही. ती म्हणाली, हात खाली घ्या. विचारतील तेवढ्याचं उत्तर देईन. जास्त काही बोलणार नाही.

आता तो काय विचारतो त्यावर सगळं.

शनिवार, १

म्हाताऱ्यानं इस्त्रीचा शर्ट घातला. रस्ताभर माझ्या पुढे दोन पावलं. मला पाय उचलावे लागत होते.

डॉक्टरणीसमोर बसला.  मग म्हणाला, "बाई, मी त्याला गोळी पावातून देत होतो. रोज. दोनदा. शिळासुद्धा दिला दोन-तीनदा. पावानं तर काही झालं नाही ना?"

 तर हे विचारायचं होतं. आठ दिवस हे घेऊन बसला होता.

डॉक्टरणीनं माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "पावानं काही होत नाही, आजोबा. मीही माझ्या कुत्र्याला पावातून औषध देते."

"शिळ्यानंसुद्धा?"

"शिळ्यानंसुद्धा नाही. आणि शेवटी तुम्ही ओला रुमाल ठेवलात ना पोटावर, ते फार बरोबर केलंत."

त्यानं मान हलवली. खांदे खाली आले. मला वाटलं, सुटलो.

बाहेर आलो तर कंपाउंडर खिडकीत एका मांजरवाल्याला औषध समजावत होता. हा माणूस जन्मात हळू बोलला नसेल. "पाव गोळी, काका, पाव. चार तुकडे करायचे, त्यातला एकच. नाहीतर द्याल अख्खी." माझ्या कानात गरम तेल पडल्यासारखं झालं. म्हाताऱ्याकडे बघितलं. तो वाकून बुटाची नाडी बांधत होता. कितीतरी वेळ बांधत होता. मग उभा राहिला आणि चला म्हणाला.

बरं झालं ऐकू कमी येतं ते.

येताना मात्र माझ्या मागे चालला. थकला असेल. मी सावकाश चालले.

मंगळवार, ४

म्हाताऱ्याला ताप नाही, पण पडून असतो. बेकरीवरून जाताना पाव आणू का विचारलं, आता तुम्हाला आवडतो ना म्हटलं. नको म्हणाला, दातांना लागतो. पाव दातांना लागतो. म्हातारपण म्हणजे काय काय.

आज त्यानं कपाट ओल्या फडक्यानं पुसलं. तो चौकोनी डाग निघाला. पुठ्ठा कुठे गेला म्हणून विचारेल असं मला आठ दिवस वाटत होतं, मी उत्तरही तयार ठेवलं होतं. विचारलं नाही. विसरला असणार.

रविवार, ९

चादरी वाळत घालत होते. म्हातारा परसात आला, दुसऱ्या टोकाला उभा राहिला.  त्यानं कोपरे धरले. आम्ही ताणली. तो सावकाश पुढे येतो, एक एक पाऊल, मी थांबले. कोपरे माझ्या हातात देताना म्हणाला, "सूनबाई, ते अक्षर तुझं चांगलं आहे. मोठं आणि स्वच्छ. मला लगेच वाचता आलं होतं."

कुठलं अक्षर, विचारलं. असंच म्हणाला.

म्हातारं माणूस काहीही बोलतं. मी खाली बघून पुढची चादर काढली. डोळ्यांत साबण गेला होता.

रात्री त्याच्या रक्तदाबाची गोळी द्यायला गेले. बारा वर्षं तो स्वतः घेतो. पण हल्ली मीच देते, तळहातावर ठेवते, ही घ्या, एक, पाण्याबरोबर, असं तोंडानं सांगते, आणि गिळेपर्यंत उभी राहते. घाई करत नाही. त्यानं गोळी बघितली. मग म्हणाला, "अर्धी का अख्खी?"

पूर्वीची मी असते तर म्हटलं असतं, बारा वर्षं काय गवत खात होतात? ओठांवर आलंच होतं.

म्हटलं, "अख्खी, मामंजी. विचारलंत ते बरं केलंत."

"तूही विचारत जा," तो म्हणाला.

काय विचारत जाऊ ते कळलं नाही. गोळीकडे बघा म्हटलं, तर माझ्याकडेच बघत होता, बराच वेळ, जसं मला काही झालंय आणि तो घड्याळ लावून बसलाय.